सुर्वेभाऊजींचा जिना

मिहीर, सई, तुमच्या बाबांनी परवा फोनवर विचारलं, "आई, तुला जिना चढवत नाही म्हणे?" त्यांना मी काहीतरी उत्तर दिलं. खरं तुम्हाला लिहिते, कारण ते एकटीने पोटात ठेवायची आता भीती वाटते.

वरच्या मजल्यावरचे सुर्वेभाऊजी कुणाकडेही गेले की आधी उंबरठ्याची उंची मोजतात, मग चहा घेतात. एकदा माझ्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना "बसा, उठा, परत बसा" करायला लावून त्यांनी अंगणातल्या बाकाची उंची ठरवली. ते सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. आमची ही स्वस्त घरांची कॉलनी त्यांनीच कागदावर काढली. घर माणसाला पाडायला टपलेलंच असतं, हे त्यांचं ठाम मत. "शोभा राहू दे, वहिनी. कुणी घसरलं तर?"

जिन्यात त्यांनी मासेवालीला पाटी टेकवायला ओटा ठेवला. कठड्याला सागवानी दांडा, आणि प्रत्येक वळणावर शेवटच्या पायरीआधी दांड्याला खालून एक खाच. "वीज गेली की बोटांनी बघायचं." आम्ही हसायचो.

यंदा सोसायटीने दांडा काढून काचेचा कठडा बसवायचं ठरवलं. भाऊजी माझ्याकडे आले आणि काही न मोजता बसले. मी कप पुढे केला. त्यांचा हात कपाच्या बाजूने गेला.

"कधीपासून?"

"वर्ष झालं. काचबिंदू. मुलाला कळलं तर ठाण्याला नेईल. तिथला जिना मला पाठ नाही हो, वहिनी."

मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, "काचेने बिल्डिंगचा रुबाब वाढेल." भाऊजी बोलले असते तर डोळ्यांचं उघड झालं असतं. मग मीच गुडघा धरून उठले. "मला दांड्याशिवाय चढवत नाही."

"अहो मॅडम, तुम्ही तर रोज मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत चालत जाता!"

"मांडवीला पायऱ्या आहेत का? मी पडले तर तुम्ही उचलणार?"

काच रद्द झाली. पण मी भाऊजींना राखलं की धोक्यात ठेवलं, मला कळत नाही. रोज सकाळी ते दुधाला उतरतात तेव्हा मी दाराआड उभी राहून त्यांची पावलं मोजते. एखादं उशिरा पडलं की माझा हात कडीवर जातो. काल दाराबाहेरून आवाज आला, "वहिनी, मनात मोजा. माझी गणती चुकते."

बाबांना सांगू नका. भाऊजी अजून इथेच राहतात आणि दूध स्वतः आणतात.