विषाणूचे गमछे

पालीच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आला तर जिल्ह्याला जायला मिळणार होतं, आणि संस्कृतीला काहीही करून जायचंच होतं. तिचा विषय होता फ्लूचा विषाणू. थर्माकोलचा गोळा तयार होता, आत लाल मणी भरले होते. वरून गुंडाळायला तेवढी वेगवेगळी कापडं हवी होती.

ती तिने वडिलांकडे मागितली आणि तिथेच घोळ झाला. तिचे वडील गहिनीनाथ हे पुढारी त्रिंबकदादांचे जुने कार्यकर्ते. दादांनी पक्ष बदलला की यांचा गमछा बदलायचा आणि जुना कपाटात जायचा. त्यांनी जुने तिन्ही गमछे लेकीला देऊन टाकले, वर कपाट रिकामं झालं म्हणून खूशही झाले.

प्रदर्शनाला प्रमुख पाहुणे म्हणून नेमके दादाच आले. बक्षीसही तेच देणार. ते संस्कृतीच्या टेबलासमोर उभे राहिले, मागे अख्खं गाव. गहिनीनाथांचं लक्ष टेबलाकडे गेलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

"संस्कृती, आगं कापडं झाक!"

पण पोरगी सुरू झाली होती. "ह्यो विषाणू लई लबाड हाय. सारखं वरचं आवरण बदलतो." तिने चौकडीचा गमछा सोडून पट्ट्यांचा गुंडाळला, मग ठिपक्यांचा. "वरचं रूप बघून वळखनाऱ्या अँटिबॉडी फसत्यात. त्यांना वाटतं, ह्यो नवाच पाव्हना."

"नवा कशाचा? वळखीचाच दिसतोय!" मागून धुळाजी मेंढपाळ ओरडला. हशा पिकला. दादांच्या भुवया वर गेल्या.

"पर मदतनीस टी पेशी फसत न्हाई!" संस्कृतीने आवाज चढवला आणि गोळा उघडून लाल मणी दाखवले. "आपल्या काही पेशी विषाणूला गिळून त्याच्या आतले तुकडे बाहेर मांडत्यात. मागचा विषाणू असू द्या का औंदाचा, आतलं फारसं बदलत न्हाई. टी पेशी त्येच वळखते अन् सगळ्या फौजेला जागं करते."

"म्हंजी आतला माल त्योच!" धुळाजी म्हणाला. आता लोक पोट धरून हसू लागले. लेकीचा जिल्हा आपण आपल्या हाताने घालवला, या विचाराने गहिनीनाथांना रडू यायचं बाकी होतं.

दादांनी माईक घेतला.

"पोरीनं माझ्यावर मॉडेल केलंय." दादांनी कौतुकाने गोळ्यावर हात ठेवला. "गमछे चार झाले, पर आतला त्रिंबक बदलला का? न्हाई! पेपरवाल्यांना कळलं न्हाई, ते ह्या लेकराला कळलं. पहिला नंबर!"

"दादा, पण तो रोग आहे," परीक्षक वनमालाबाई चाचरत म्हणाल्या.

"असू द्या की मॅडम. कुन्या रोगाला एवढ्या टाळ्या पडल्यात आजवर?"

बाईंच्या गुणांतही संस्कृतीच पहिली होती, त्यामुळे त्यांनी वाद वाढवला नाही. टाळ्या थांबेनात. गहिनीनाथ तर सगळ्यांत जोरात वाजवत होते.

बक्षिसाची ढाल देताना दादा खाली वाकले. खिशातून त्यांनी वेलबुट्टीचा कोरा करकरीत गमछा काढला आणि हळूच तिच्या हातात कोंबला. "जिल्ह्याला ह्यो बी ने. परवा नव्या पक्षात प्रवेश हाय. कुनाला बोलू नको."

"द्या की दादा," संस्कृती ढाल छातीशी धरून म्हणाली, "टी पेशीला काय फरक पडतोय!"