एर्विनची धूरभट्टी आणि दोनशे पावलं

भूक ही नैसर्गिक गोष्ट आहे, म्हणूनच तिला समाजात फारसा मान नाही. जे काम अर्ध्या तासात उरकतं त्याला स्वयंपाक म्हणतात. तेच काम सोळा तास चालवलं, की त्याला परंपरा म्हणतात. आणि त्या सोळा तासांसाठी लागणारं भांडं एखाद्यानं स्वतःच्या गॅरेजमध्ये चौदा महिने वेल्डिंग करून घडवलं, तर टेक्ससच्या मध्यभागात त्याला पुरुष म्हणतात. (बाकीच्यांना नुसतं करदाते म्हणतात.)

एर्विन मिकुलेन्का हा असा पुरुष होता. परगण्याच्या रस्तेखात्यात तीस वर्षं यंत्र चालवून, खडीचे सगळे रस्ते सपाट करून तो निवृत्त झाला होता. घरी बायको रोझलिन आणि एकुलती एक मुलगी केल्सी. ऑगस्ट महिन्यातल्या एका रविवारी केल्सी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, की पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आपलं लग्न आहे, आणि बापाकडून आपल्याला एकच गोष्ट हवी आहे.

"डॅडी, चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत मला तू हाताला धरून न्यायचं. बस्स. बाकी काही नको मला."

एर्विनला भरून आलं. अशा वेळी इकडचा पुरुष रडत नाही. तो काहीतरी बांधायला घेतो.

"मांस माझ्याकडे लागलं," तो म्हणाला. "अडीचशे पानांचं. आणि तेही माझ्या स्वतःच्या भट्टीतलं."

"डॅडी, मांस मी मागितलंच नाही."

"मागायला कशाला हवं, बाळा?" एर्विन म्हणाला आणि त्याच दुपारी एका बंद पडलेल्या फार्मवरची अडीचशे गॅलनची गंजलेली गॅसची टाकी बघायला गेला.

धूरभट्टीची रचना अगदी सोपी असते. एका बाजूला जळणाची पेटी, तिला जोडून आडवी टाकी, आणि टाकीच्या पलीकडच्या टोकाला धुराडं. आग एका घरात, मांस दुसऱ्या घरात, आणि मधून निरोप नेणारा धूर. दोघांची भेट कधी होत नाही. नुसत्या निरोपावर मांस मऊ होत जातं. रचना इतकी सोपी असल्यामुळेच तिच्याविषयी मतभेदांना पुष्कळ वाव आहे.

त्या मतभेदांसाठी दर शनिवारी सकाळी नऊ वाजता एर्विनच्या गॅरेजमध्ये समिती भरत असे. सदस्य दोन. एक शेजारचा डॅरल श्नायडर, ज्यानं आयुष्यात तीन धूरभट्ट्या बांधल्या होत्या आणि त्यातल्या दोन अजून उभ्या होत्या. दुसरा बड ओर्साक, वय अठ्ठ्याहत्तर, ज्यानं एकही बांधली नव्हती, पण पुष्कळ बांधताना पाहिल्या होत्या. (त्यामुळे अंतिम शब्द त्याचा.) घडीच्या खुर्च्या, बर्फात बुडवलेल्या बिअरच्या बाटल्या आणि रोझलिननं केलेले, आलुबुखाऱ्याचं सारण भरलेले 'कोलाचे' नावाचे गोड पाव एवढ्या तुटपुंज्या साधनसामग्रीवर सदर समितीनं अठ्ठावन्न बैठका पार पाडल्या. त्यांचा गोषवारा असा:

एकूण व्यक्त झालेली मतं: अकराशे सहा.
त्यांपैकी परस्परविरोधी: एक हजार नव्वद.
हातमोजे घालून काम केलेले सदस्य: यजमान वगळता कोणी नाही.
चर्चेत नवऱ्यामुलाच्या नावाचा उल्लेख: शून्य.

जुनी गॅसची टाकी कापण्याची रीतसर पद्धत आहे. आधी झडप काढायची. मग टाकी साबणाच्या पाण्यानं तोंडोतोंड भरायची आणि आठवडाभर तशीच ठेवायची, म्हणजे आत राहिलेला वास आणि माणूस एकाच वेळी उडून जात नाहीत. मग पाणी सोडायचं. एर्विननं हे तीनदा केलं. रोझलिनच्या गुलाबांना त्या तीन आठवड्यांत भरपूर पाणी मिळालं, आणि त्यानंतर त्यांना पाण्याची गरज उरली नाही.

पुढची पायरी दाराची. गोल टाकीला दार कापताना पोलाद उसळतं, म्हणून आधी बिजागऱ्या जोडायच्या, तीन बाजू थोड्या थोड्या कापायच्या आणि शेवटची बाजू सगळ्यात शेवटी सोडायची, असं डॅरलनं बाराव्या बैठकीत सांगितलं होतं. एर्विननं दार अकराव्या बैठकीत कापलं होतं. ते बोटभर उसळून बाहेर आलं आणि तसंच राहिलं. हातोडा, जॅक, साखळी आणि बडचं सहा आठवड्यांचं मार्गदर्शन एवढे उपाय करूनही दाराच्या वरच्या कोपऱ्यात फट राहिलीच. समितीनं एकमतानं ठराव केला, की फट असलेली बरी. भट्टीला श्वास घ्यायला जागा हवी.

मग आली पावांची परीक्षा. ही इकडची विद्यापीठं घेत नाहीत. ही घरोघर होते. भट्टी तापवायची, जाळीवर कच्च्या बिस्किटपावांच्या रांगा मांडायच्या, वीस मिनिटांनी दार उघडायचं. जिथला पाव करपला तिथे आच जास्त, जिथला पांढराफटक तिथे कमी. एर्विननं पहिल्या परीक्षेत अठ्ठेचाळीस पाव मांडले. पेटीकडचे आठ कोळसा झाले, धुराड्याकडचे आठ कच्चे राहिले, आणि मधले बत्तीस समितीनं पुरावा म्हणून लोणी लावून खाल्ले. एर्विननं आत आडवी पट्टी जोडली, परीक्षा घेतली. पट्टी कापली, परीक्षा घेतली. पट्टी पुन्हा चार बोटं पुढे जोडली. अशा एकवीस परीक्षा झाल्या. रोझलिननं तेवढ्या काळात घरी पाव विकत आणले नाहीत, आणि लग्नासाठी शिवलेला तिचा निळा झगा दोनदा उसवून सैल करावा लागला.

"एर्विन, तुला पोरीचं लग्न करायचंय की बेकरी काढायचीय?" तिनं एकदा विचारलं.

"आच सारखी लागली पाहिजे, रोझी. या टोकाच्या पाहुण्याला एक आणि त्या टोकाच्याला दुसरं, असं नको."

"पाहुणे काय आत झोपणार आहेत का, टोकाला?"

भट्टी सप्टेंबरात तयार झाली. काळा रंग, तेलाचे सात हात, दीड हजार पौंड वजन. तिच्यासाठी चाकांची गाडी, त्या गाडीसाठी परवाना आणि त्या परवान्यासाठी भट्टीला अधिकृत नाव. एर्विननं फॉर्मवर 'केल्सी' लिहिलं. केल्सीला हे कळलं तेव्हा तिनं तो फॉर्म दोनदा वाचला. मग म्हणाली, "फारच गोड आहे, डॅडी," आणि फॉर्मची घडी घालून त्याला परत दिली.

भट्टी बांधण्याचे नियम बदलत असले तरी ती चालवण्याचे नियम ठरलेले असतात. समितीनं ते शेवटच्या बैठकीत मोठ्यानं म्हणून घेतले. एक, मांस कागदात गुंडाळायचं नाही. ते लवकर शिजतं, म्हणजेच फसवणूक होते. दोन, मांसाला ओव्हन दाखवायचा नाही. तीन, दुसऱ्याच्या आगीला हात लावायचा नाही. ज्याची आग त्याची. चौथा नियम बडला आठवत होता, पण बिअर संपली.

शुक्रवारी दुपारी ट्रॅक्टरनं ओढून भट्टी चर्चच्या हॉलमागे, पेकनच्या झाडाखाली नेऊन उभी केली. तिथून चर्चचं मुख्य दार दोनशे पावलांवर. एर्विननं ती स्वतः मोजली, कारण त्याच संध्याकाळी लग्नाची रंगीत तालीम होती. दारापासून वेदीपर्यंतचा रस्ता त्यानं केल्सीचा हात धरून चालून पाहिला. एक मिनिट दहा सेकंद. केल्सीनं त्याचा हात वरून दुसऱ्या हातानं झाकून धरला.

"तू फार जोरात चालतोस," ती हळूच म्हणाली. "उद्या सावकाश."

"उद्या सावकाश," तो म्हणाला, आणि आग लावायला गेला.

बैलाच्या छातीचे बारा मोठे तुकडे, ज्यांना इकडे ब्रिस्केट म्हणतात, संध्याकाळी सहाला आत गेले. नियमाप्रमाणे ते सकाळी दहाला मऊ व्हायला हवे होते, मग कोट, मग टाय, मग चर्च. पण मांसाची एक सवय आहे. आतली ऊब एकशे साठ अंश फॅरनहाइटपर्यंत भराभर चढते आणि तिथे अडून बसते. तास जातात, काटा हलत नाही. मांसाला घाम सुटलेला असतो आणि तो घाम त्याला थंड ठेवत असतो. कागदात गुंडाळलं की तासाभरात सुटतं. (नियम एक पाहा.) शिवाय अडीचशे अंशांची भट्टी दाराच्या फटीमुळे दोनशे पस्तीसवर रेंगाळत होती. ती छान श्वास घेत होती.

शनिवारी दुपारी दीडला मांस एकशे नव्वदवर होतं. दोनशेतीन हवं होतं. लग्न दोनला.

रोझलिन निळ्या झग्यात हॉलच्या मागच्या दारातून बाहेर आली. एर्विनच्या अंगात चिकटलेला बनियन, भुवयांवर राख. त्याचा कोट झाडाच्या फांदीला लटकत होता. दोन्ही समिती सदस्य सुटाबुटात खुर्च्यांवर बसून काट्याकडे बघत होते.

"एर्विन, ऐक. हॉलमध्ये सहा ओव्हन आहेत. सहाही रिकामे. धूर लागायचा तेवढा कधीच लागून झालाय, आता त्या मांसाला नुसती ऊब हवी. आत ठेव आणि कोट घाल."

"ओव्हन?" एर्विन म्हणाला.

"हो, ओव्हन. त्याला दार असतं. नीट लागतं."

"रोझलिन," बड खालच्या आवाजात म्हणाला, "आसपास लहान मुलं आहेत."

तिनं बडकडे पाहिलं आणि तो बुटांच्या नाड्या बांधायला लागला. मग ती डॅरलकडे वळली. "तू तीन भट्ट्या बांधल्यास. तू बस इथे वीस मिनिटं."

"मी?" डॅरलनं खरोखर मागे सरकवली खुर्ची. "एर्विनच्या आगीपाशी? हे बघ, त्याला किडनी लागली तर मी आत्ता टेबलावर आडवा होतो. पण त्याच्या आगीला हात? उद्या मी त्याला तोंड कसं दाखवू?"

"बघ, रोझी," एर्विन म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत डॅरलविषयी कृतज्ञता होती.

इथे थोडं गणित आवश्यक आहे. आगीला दर चाळीस मिनिटांनी एक ओकचं लाकूड लागतं. चर्चपर्यंत दोनशे पावलं, म्हणजे जायला दोन मिनिटं, यायला दोन. वेदीपर्यंत एक मिनिट दहा सेकंद; सावकाश चालल्यास दीड. एकूण साडेपाच मिनिटं. म्हणजे एक लाकूड घालून एर्विन निघाला असता, तर मुलीला वेदीपर्यंत सोडून, तिच्या कपाळाचं चुंबन घेऊन, परत येऊन त्याला उरलेली साडेचौतीस मिनिटं खुर्चीवर बसून डोळे पुसता आले असते. हे गणित एर्विनला येत होतं. त्यानंच ते आदल्या रात्री लाकडाच्या सालीवर कोळशानं मांडलं होतं.

दोनला पाच कमी असताना त्यानं कोट घातला. समिती चर्चकडे निघाली. एर्विननं एक लाकूड निवडलं, सरळ, सुकं, मनगटापेक्षा जाड, आणि पेटीत सरकवलं. घंटा वाजायला लागली.

"एर्विन," कोपऱ्यावरून रोझलिन म्हणाली. "ती दारात उभी आहे."

"आलोच. एवढं एक लाकूड धरू दे."

लाकूड लगेच धरत नव्हतं. धुराड्यातून पांढरा, दाट धूर यायला लागला, आणि पांढरा धूर मांस कडू करतो हे इथे चालायला लागलेल्या मुलालाही माहीत असतं. अडीचशे माणसांच्या पानात कडू मांस वाढून पुढच्या रविवारी त्याच चर्चमध्ये कुठल्या तोंडानं जायचं? एर्विननं पेटीची हवेची झडप उघडली, गुडघ्यावर बसला, फुंकर घातली. लाकूड तडकलं. कडेला एक केशरी रेघ उमटली, पसरली. पांढरा धूर विरत गेला, राखाडी झाला, आणि मग तो झाला तसा, ज्याची वाट बघत चौदा महिने गेले होते: निळा, विरळ, कोवळ्या पोरीच्या ओढणीसारखा, दिसतो न दिसतो तोच पेकनच्या पानांत हरवणारा. एर्विन मान वर करून त्याच्याकडे बघत राहिला. चर्चमध्ये ऑर्गन सुरू झाला.

संध्याकाळी सहाला मांस कापलं.

कसं झालं होतं, ते लिहिताना हात आखडता घेणं अन्यायाचं होईल. वरचा थर काळा, खरखरीत, मिरीनं आणि मिठानं पापुद्रा धरलेला. त्याखाली धुराची गुलाबी किनार, बोटभर रुंद, पेटीकडच्या तुकड्याला आणि धुराड्याकडच्या तुकड्याला अगदी सारखी. सुरी टेकली की तुकडा हळूच वाकायचा, उचलला की स्वतःच्या वजनानं डोलायचा, तुटायचा नाही. चरबी लोण्यासारखी वितळलेली. बडला दात पाच, तरी त्यानं तीनदा घेतलं आणि डोळे मिटून बसला. डॅरलनं एकही सूचना केली नाही, ही त्या परगण्याच्या इतिहासातली पहिली नोंद. अडीचशेपैकी दोनशे एकेचाळीस पाहुण्यांनी एर्विनचा हात हातात घेऊन मांसाविषयी काही ना काही म्हटलं. (उरलेले नऊ तेव्हा चावत होते.) तीन जणांनी पुढच्या वर्षीच्या आपल्या मुलींच्या लग्नासाठी त्याला विचारून ठेवलं. पोलका नाच सुरू झाला तोवर बाराही तुकडे संपले होते आणि जाळी कुणीतरी पाव फिरवून चाटूनपुसून साफ केली होती.

मांस उत्तम झालं, हे वाचून तुम्हालाही बरं वाटलं असेल. साहजिक आहे. दीडच्या काट्यापासून तुमचा जीव त्या बारा तुकड्यांत अडकला होता; एकशे नव्वदचे दोनशेतीन कधी होतात, धूर पांढऱ्याचा निळा कधी होतो, याची तुम्ही एर्विनच्या शेजारी गुडघ्यावर बसून वाट पाहिली. गुलाबी किनारीपाशी तुम्ही जरा थांबलात, आणि बडला दात किती हेही तुम्ही मनात नोंदवून ठेवलंत. मधे एक ऑर्गन सुरू झाला होता. तो वाजल्यावर चर्चमध्ये काय झालं, हे तेव्हापासून आत्तापर्यंत तुमच्यापैकी एकानंही विचारलेलं नाही.

ती सावकाश गेली. एकटीच, उजव्या हाताला एका माणसाएवढी जागा मोकळी सोडून.