सातांमधला आठवा

माणसं मोजण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. पाणथळीवरच्या पक्षी अभयारण्यात वाटाड्या म्हणून गेले सहा महिने मी तेच करतोय. तात्पुरता. संध्याकाळी भोरड्या, म्हणजे साळुंक्यांच्या चुलतबहिणी, हजारोंनी पाणकणसांच्या उंच गवतात झोपायला येतात. त्या बघायला आलेल्यांना मी एका लांबट लाकडी खोलीत बाकावर बसवतो. समोरच्या भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर एक आडवी फट. पक्षी झोपेपर्यंत बोलायचं नाही, दिवा लावायचा नाही. आणि जितकी माणसं आत, तितकीच बाहेर.

त्या दिवशी आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, स्वतः आल्या.

"आज तुझं काम बघते. जमलं तर कायम, नाहीतर सोमवारपासून घरी."

घरी म्हणजे वडिलांसमोर. वडील निवृत्त हेडमास्तर आहेत. फावल्या वेळात ते माझ्याकडे नुसते बघत बसतात.

बाईंसकट सात जणांना आत सोडलं, दार लावलं. अंधारून आलं. एरवी मी दारातच मोजतो; आज बाई बघत होत्या म्हणून आत बाकावरची डोकीही मोजली. आठ.

दुसऱ्या टोकाकडून मोजली. तरी आठ.

बाहेर थवा आभाळभर वळत होता; मध्येच आवळायचा, मध्येच सांडायचा. पंखांचा आवाज सोडला तर सगळं चिडीचूप. आत कुणी मोठ्याने श्वासही घेत नव्हतं. एक जण बहुतेक घेतच नव्हता, पण कोण ते कळेना.

विचारायचं तर बोलायला बंदी. मग टोकापासून एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत निघालो. जिवंत माणूस गरम लागतो, एवढं शास्त्र मला येतं.

पहिल्या काकांना वाटलं, खाली बसायची खूण आहे. ते मुकाट जमिनीवर बसले. मग काकू.

"अहो, गुडघे गेलेत माझे."

"शू. पद्धत असेल इथली."

बघता बघता सातही जण खाली. मोठ्या बाईसुद्धा, पर्स मांडीवर घेऊन. सगळे पक्षीप्रेमी नाकासमोरची फळी निरखत बसलेले. बाकावर उरला फक्त कोपऱ्यातला एक. ताठ.

त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो. हात गेला, आणि जातच राहिला.

तेवढ्यात अख्खा थवा खाली कोसळला. हजारो पक्षी, आणि एकदम शांत.

"उठव त्यांना," कोपऱ्यातून हलकेच कुणीतरी म्हणालं. "बिचाऱ्यांना काही दिसत नाहीये."

मी उठवलं. तात्पुरता माणूस कुणाला नाही म्हणणार?

सगळ्यांनी फटीतून पाहिलं. भोरड्या थेट भिंतीला टेकलेल्या गवतात झोपल्या होत्या. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर येऊन मोजले. सात. मोठ्या बाई खूश होत्या.

"डोकी दिसली नाहीत म्हणून इतक्या जवळ उतरल्या. अकरा वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं हे."

"अनुभव, बाई."

"एकच खटकलं. सगळे खाली बसले, तो कोपऱ्यातला बाकावरून हलला नाही."

"तुम्हालाही दिसला?"

"न दिसायला काय झालं? मी नोकरीला लागले तेव्हापासून रोज येतो." त्यांनी गाडीचं दार उघडलं. "पण नियम सगळ्यांना सारखा. उद्या त्यालाही खाली बसव. तो बसला की तुझ्या ऑर्डरवर सही करते."

तर मंडळी, मी नोकरी शोधतोय. कुणाच्या ऑफिसात जागा असेल तर कळवा. पगार काही का असेना, खोलीत ट्यूबलाइट हवी.