मिळून आला नाही

पोटगी बुडवून पळालेल्या नवऱ्याचं वारंट हातात पडलं की कोणताही पोलीस आधी पत्ता विचारतो. ढोकणे जमादार विचारतात, "ताई, त्याले खायले काय आवडते?"

मी वकील. आमच्या तालुक्याच्या कोर्टात फारकत झालेल्या बायकांच्या पोटगीची प्रकरणं चालवते. जमादारांशी माझी ओळख भांडणानेच झाली. माझी एक अशील कोर्टाच्या ओट्यावर बसून रडत होती आणि हा खाकीतला माणूस तिला भरल्या वांग्यांबद्दल विचारत होता. मी तापले. म्हटलं, "जमादार, ती रडतेय आणि तुम्ही पाककृती उतरवून घेताय?"

"पत्ता त सारेच खोटा सांगते, वकीलबाई," ते शांतपणे म्हणाले. "जिभीले खोटं बोलता येत नाही." आणि खिशातल्या वहीत त्यांनी लिहिलं, 'वांगे. लई तिखट. रस्सा नको.'

चौथ्या दिवशी तो नवरा मंगरूळपीरच्या एका खानावळीत सापडला. मी माफी मागितली नाही, पण तेव्हापासून त्यांना चहा पाजायला लागले.

नवरा सापडला नाही, तर वारंटाच्या मागे एक ओळ लिहून ते कोर्टात परत पाठवायचं असतं : 'इसम मिळून आला नाही.' मग पुन्हा अर्ज, पुन्हा वारंट, पुन्हा तीन महिन्यांनंतरची तारीख. तोवर बाईनं काय खायचं, हे त्या ओळीत कुठेच नसतं. जमादारांना त्या ओळीचा मनस्वी तिटकारा. "पाच-सहा फुटाचा गडी, मिळून नाही यायले तो काय सुई हाय?" म्हणायचे. एकोणीस वर्षांत ती ओळ आपण एकदाही लिहिली नाही, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात आणि जुन्याला दर आठवड्याला.

"माणूस घर सोडते, बायको सोडते. सवय नाही सोडत," हे त्यांचं ब्रीद. एका नवऱ्याला आपल्या उशीशिवाय झोप लागत नाही, असं बायकोनं सांगितलं होतं. जमादार त्याच्या घरासमोर तीन दिवस बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्याचा भाऊ बगलेत उशी मारून एसटीत चढला. जमादारही चढले. पुढे न्यायाधीशांनी विचारलं, आरोपी कसा सापडला? जमादार म्हणाले, "उशीच्या मांगं गेलो, साहेब."

मला या सगळ्यात एक गोष्ट फार डाचते. या बायकांना नवऱ्याचा नवा फोन नंबर ठाऊक नसतो, पण तो कोणत्या कुशीवर झोपतो ते पाच वर्षांनीही तोंडपाठ असतं. मी एकदा चिडून म्हटलं, "यांच्या डोक्यातून तो माणूस जात कसा नाही?" जमादार नेहमी माझ्या प्रत्येक वाक्याला दोन वाक्यं परत करतात. त्या दिवशी मात्र त्यांनी नुसता मेसचा डबा उघडला आणि आत काय आहे ते न बघता जेवू लागले.

मग शोभाची केस आली. तिच्या नवऱ्यानं, दिलीपनं, अकरा महिने छदाम दिला नव्हता. ती भावाकडे मागच्या खोलीत राहत होती. भावानं महिनाअखेरपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं होतं. वारंटाची तारीख सोमवारची. रविवारी दिलीपच्या पुतणीचं लग्न होतं आणि मांडवातूनच तो कायमचा सुरतला निघणार होता. लग्न तिकडे, पार अकोला जिल्ह्यात; तिथे वारंट बजावायला तिथल्या कोर्टाची सही लागते आणि ती सोमवारच्या आत मिळणार नव्हती. एकदा तो सुरतेत गडप झाला की शोभानं किती तारखा मोजायच्या, ते मलाही सांगता आलं नसतं.

"काय आवडते त्याले?" जमादारांनी वही उघडली.

"जे वाढलं ते खाते," शोभा म्हणाली.

"पान? तंबाखू? बैलाचा शंकरपट?"

"काहीच नाही. कुठी जातच नाही."

जमादार पहिल्यांदाच अडलेले मी पाहिले. त्यांनी पेन कानामागे ठेवला, परत काढला. शोभा जमिनीकडे बघत होती. तशीच म्हणाली, "केसं काळे करते. तिशीतच पिकले होते. दुसरा कोणता रंग लावला की डोळे सुजते. कारंज्यातल्या एकाच कटिंगच्या दुकानातला रंग त्याले सोसते."

जमादारांचा चेहरा उजळला. "नवरीचा काका पांढऱ्या डोक्यानं मांडवात जाईन काय, वकीलबाई?"

शनिवारी सकाळी नऊ वाजता आम्ही तिघं कारंज्यात त्या कटिंगच्या दुकानासमोर चहाच्या टपरीवर बसलो होतो. जमादार साध्या कपड्यांत. तिथल्या ठाण्यात आधी नोंद करून आलेले, कारण नियमाबाहेर ते पाऊल टाकत नाहीत. त्यांनी दिलीपला कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून शोभा सोबत.

बारा वाजले. दोन वाजले. दुकानात गिऱ्हाइकं आली, गेली, कुणाच्याच डोक्याला रंग लागला नाही. टपरीवाला आमच्याकडे संशयानं बघू लागला. हा माणूस एका बाईच्या डोक्यावरचं छप्पर केसांच्या रंगावर लावून बसलाय आणि मी मान डोलावून सोबत आलेय, असं वाटून माझा मलाच राग येत होता. शोभानं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. जमादार सातवा चहा पीत म्हणाले, "येईन. येणं भाग हाय त्याले."

साडेतीनला मोटरसायकल थांबली. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस उतरून दुकानात शिरला.

"तोच," शोभा म्हणाली. तिनं फक्त त्याची चाल पाहिली होती.

मी उठले. जमादारांनी मला हातानंच बसवलं. "गाडी दारात हाय, चाबी त्याच्या हातात. आता गेलो त पळते. डोक्याले रंग लागू द्या."

ती वीस मिनिटं कशी काढली ते माझं मला माहीत. अखेर जमादार उठले, रस्ता ओलांडून आत गेले, मागोमाग मी. दिलीप गळ्याभोवती कापड बांधून, डोक्यावर काळा लेप थापून बसला होता. जमादार त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि आरशात बघत म्हणाले, "दिलीपभाऊ, राम राम. वारंट हाय."

दिलीपचा चेहरा उतरला. "डोकं त धुऊ द्या, साहेब."

"धुवा ना. घाई नाही."

तो मागच्या पडद्याआड गेला आणि मग माझ्या लक्षात आलं की पडद्यामागे नुसती मोरी नाही, मागचं दारही आहे. जमादारांच्याही त्याच क्षणी लक्षात आलं. त्यांच्या एकोणीस वर्षांत त्यांना धावताना पाहिलेलं कुणी मला भेटलेलं नाही. त्या दिवशी ते धावले.

मागच्या बोळात पाण्याचा ड्रम होता. दिलीप एक हात भिंतीवर ठेवून आंधळ्यागत उभा होता, कारण रंग ओघळून डोळ्यांत गेला होता. त्याच्या समोर, बोळाचं तोंड अडवून, शोभा उभी होती. ती टपरीवरून कधी उठली, मला कळलंच नव्हतं. तिच्या हातात पाण्याचा मग होता.

"वाका," ती म्हणाली. "डोळे मिटून घ्या. मांगच्या बारीले आठ दिवस सुजले होते."

तो वाकला. ती मगावर मग ओतत राहिली, पाणी स्वच्छ वाहू लागेपर्यंत. नंतर तिनं मग ड्रमवर ठेवला, पदराला हात पुसले आणि जमादारांना म्हणाली, "न्या आता."

जमादार जागचे हलले नाहीत. मला त्यांना कोपरानं ढोसावं लागलं.

सोमवारी कोर्टानं दिलीपला सरळ विचारलं, पैसे भरतोस की आत जातोस? दुपारपर्यंत त्याच्या भावानं अकरा महिन्यांचे पैसे आणून भरले. शोभानं संध्याकाळीच स्टँडजवळ खोली पाहिली.

मी खुशीत होते. व्हरांड्यात चहा मागवला आणि जमादारांना छेडलं. "तुम्ही पळालात तर तुम्हाला कशावरून धरायचं?"

"चहावरून. लहान पोरगं बी धरीन मले."

"आणि तुमच्या मंडळींना? त्यांना काय आवडतं?"

ते हसायचे थांबले. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या घरचं कधी विचारलं नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं आणि मी ओशाळले.

"ते निघून गेली," जमादार म्हणाले. "लई वर्षं झाले. भांडण नाही, पोटगी नाही, काही नाही. ड्यूटीवरून आलो त दाराले कडी. माहेरी गेलो, पोहरादेवीच्या जत्रेत पाह्यलं, सारं पाह्यलं. आमचे तवाचे साहेब लई हुशार. त्यायनंच मले हे शिकवलं. वही काढली आन म्हणे, ढोकणे, बाईले काय आवडते ते सांग, दोन दिवसात शोधून देतो."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

कप रिकामा झाला होता, तरी त्यांनी तो ओठाला लावला.

"बारा वर्षं संसार केला होता, वकीलबाई. मी म्हटलं, साहेब, सैपाक चांगला करते."