रेघ मागे, कॅन्टीन पुढे

गिरणी क्लबच्या फुटबॉल मैदानाची देखभाल करणाऱ्या रेघकाकांनी एकोणीस वर्षांत ते मैदान एकदाही मोजलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते छाती फुगवून सांगत. "मोजतं कोण? ज्याला दिसत नाही तो," असं त्यांचं म्हणणं. चुन्याची गाडी हातात घ्यायची, एक डोळा मिटायचा, दुसरा समोरच्या टोकाला लावायचा आणि चालू लागायचं. रेघ सरळ येणारच. निदान काकांना तरी ती सरळ दिसायची, आणि त्यांच्याखेरीज तिच्याकडे बघायला कुणाला सवड होती?

मैदानाच्या एका टोकाला रस्त्याची भिंत होती आणि दुसऱ्या टोकाला काकूंचं कॅन्टीन. काकू म्हणजे काकांची बायको. नवरा गवत सांभाळायचा, बायको खेळाडूंची पोटं. गिरणी क्लब तसा चौथ्या डिव्हिजनमधला. त्याचा गोलकीपर पोस्टमन होता आणि सेंटर फॉरवर्ड वायरमन. डावपेच म्हणाल तर एकच: पोस्टमनने गोलमधून लांब किक मारायची, ती बरोबर वायरमनच्या डोक्यावर यायची, आणि पुढचं वायरमनचं डोकं बघून घ्यायचं. घरच्या मैदानावर हा डावपेच कधी चुकत नसे. बाहेर गेलं की का कोण जाणे, सारखा चुके. बाहेरच्या हवेचा दोष असावा असं क्लबात सर्वमान्य होतं.

चषक स्पर्धेचा न्याय मात्र निराळा. तिथे डिव्हिजन कुणी विचारत नाही. देशातले सगळे क्लब, लहान-थोर, एकाच भांड्यात चिठ्ठ्या होऊन पडतात. ज्याची चिठ्ठी ज्याच्याबरोबर निघेल त्यांचा सामना, आणि हरला तो घरी. गिरणी क्लबच्या नशिबाने तीनही फेऱ्या घरच्या मैदानावर आल्या होत्या आणि वायरमनचं डोकं तीनही वेळा चाललं होतं. चौथ्या फेरीच्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा सगळा संघ कॅन्टीनमधल्या रेडिओला कान लावून बसला होता.

"गिरणी क्लब विरुद्ध बंदर क्लब. मैदान, गिरणी क्लबचं," रेडिओ म्हणाला.

बंदर क्लबने हा चषक सहा वेळा घरी नेला होता. पोस्टमनच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं आणि विरघळलं, तरी त्याला पत्ता नव्हता. क्लबचे सेक्रेटरी, जे धंद्याने दातांचे डॉक्टर होते, ते आनंदाने टेबलावर चढले आणि तसेच उतरले, कारण टेबल डुगडुगत होतं. काका खिडकीतून मैदानाकडे बघू लागले. बंदर क्लबचा तो डावखुरा, ज्याचा फोटो काकांनी अवजारांच्या खोलीत दंताळ्याच्या वर चिकटवला होता, तो आता त्यांच्या गवतावर पळणार होता. काकांचं हे शेवटचं वर्ष होतं. हंगाम संपला की ते निवृत्त होणार होते.

"त्याने एकदाच म्हणावं, मैदान छान राखलंय," भांडी विसळणाऱ्या काकूंना ते म्हणाले. "मग मी उद्या निवृत्त झालो तरी चालेल."

"म्हणेल की. न म्हणायला काय झालंय?" काकू म्हणाल्या.

पण चार दिवसांनी फुटबॉल महासंघाचं पत्र आलं. मैदानाची तपासणी गुरुवारी होईल. लांबी निदान शंभर मीटर हवी. कमी भरली तर सामना बंदर क्लबच्या मैदानावर हलवण्यात येईल. डॉक्टर पत्र घेऊन काकांकडे आले.

"काका, एकदा मोजून घेऊ या का?"

"डॉक्टर, तुम्ही दात काढण्याआधी मोजता का?"

"हो, मोजतो."

"म्हणूनच तुमच्याकडे लोक घाबरत येतात," काका म्हणाले आणि चुन्याची गाडी घेऊन निघून गेले.

गुरुवारी तपासणीच्या बाई आल्या. हातात पोलादी टेप, काखेत फाइल, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. रस्त्याकडच्या रेघेपासून त्या निघाल्या आणि कॅन्टीनकडच्या रेघेवर येऊन थांबल्या.

"शहाण्णव पूर्णांक चार," त्या म्हणाल्या.

"पुन्हा मोजा. उन्हाने टेप आखडते," काका म्हणाले.

"उन्हाने लोखंड वाढतं हो," डॉक्टर हळूच म्हणाले.

बाईंनी पुन्हा मोजलं. शहाण्णव पूर्णांक चार. मग त्यांनी फाइल उघडून क्लबचा जुना नकाशा काढला. त्यात मैदान चांगलं एकशे पाच मीटर होतं. बाईंनी नकाशाकडे पाहिलं, कॅन्टीनकडे पाहिलं, आणि काकांकडे पाहिलं.

"हे इतकं मैदान गेलं कुठे?"

मैदान गेलं होतं ते अर्ध्या अर्ध्या बोटाने. दर आठवड्याला पुसट झालेली जुनी रेघ गाठून काका तिच्यावरून नवी ओढत. बुटांना ओला चुना लागू नये म्हणून ते कॅन्टीनच्या बाजूला जरा आतून चालत, त्यामुळे नवी रेघही जरा आतून येई. पुढच्या आठवड्यात तीच जुनी रेघ होई, आणि काका तिच्याही जरा आतून चालत. गोलपोस्ट चाकांवरचे होते. रेघ सरकली की तेही मुकाट्याने सरकत. आणि रेघ सरकल्यावर जी जागा उरे ती काकू कशाला वाया घालवतील? सुरुवातीला मागच्या भिंतीशी त्यांची एक हातगाडी होती. मग पुढे बाकडं आलं, बाकड्यावर पत्रा आला, पत्र्याखाली ओटा आला, ओट्याला मोरी आली, आणि मोरीला आडोसा हवा म्हणून भिंत आली.

"तुझं कॅन्टीन पुढे येत गेलं म्हणून माझी रेघ मागे सरली," काका म्हणाले.

"तुमची रेघ मागे सरत गेली म्हणून माझं कॅन्टीन पुढे आलं," काकू म्हणाल्या. "मोकळ्या जागेत ओटा घातला. तुमच्या पेनल्टीच्या ठिपक्यावर नाही घातला."

बाईंना हा वाद फाइलमध्ये कुठल्या रकान्यात लिहावा ते कळेना. त्यांनी शनिवारी दुपारी परत येण्याचं कबूल केलं. तोवर शंभर भरले तर ठीक, नाही तर सामना बंदरला. रस्त्याची भिंत काही हलणार नव्हती. म्हणजे हलायचं तर कॅन्टीनलाच.

डॉक्टर काकूंशी बोलायला घाबरले. ते काम त्यांनी काकांवर सोपवलं आणि दवाखान्यात पेशंट खोळंबलेत असं सांगून पळाले. काका कॅन्टीनच्या दारात येऊन उभे राहिले. एकोणीस वर्षांत त्यांनी बायकोकडे चहाशिवाय काही मागितलं नव्हतं. आत ओटा लखलखत होता, फडक्यांची घडी होती, पेले मोठ्याकडून लहानाकडे लावलेले होते. काकांना वाईट वाटलं, मनापासून वाईट वाटलं, आणि ते उंबऱ्याच्या आत काही येईनात.

"बोलू नका, सगळं ऐकलंय मी," काकू म्हणाल्या. "भिंतीला कान असतात म्हणतात. माझ्या भिंतीला तर खिडकी आहे." त्यांनी एकदा ओट्यावरून फडकं फिरवलं. "तो डावखुरा खरंच येणार आहे?"

"येणार."

"मग पाडा. 'येता येता राहिला तो' हे रडगाणं मी जन्मभर ऐकणार नाही. पण मोजून पाडा. शिंप्याकडून टेप आणते मी."

"शिंप्याच्या टेपने मैदान मोजायचं? उद्या त्याला काज-बटणंही करशील," काका म्हणाले. बायकोने होकार दिला तशी त्यांच्या अंगात पुन्हा मूळचा रेघकाका संचारला होता. "साडेतीन मीटर म्हणजे काय मला दिसत नाही होय?"

शुक्रवारी सकाळी पोस्टमन, वायरमन आणि काका हातोडे घेऊन लागले. काकूंनी आधी पेले, रेडिओ आणि शेगडी बाहेर काढली आणि मैदानाकडे पाठ करून बसल्या. पुढची भिंत पडली. काका मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेले, एक डोळा मिटून त्यांनी पाहिलं आणि हाताने खूण केली, अजून थोडं. मग मोरी गेली. तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी रात्रभर नियमांचं पुस्तक वाचलं होतं.

"काका, कमी पडायला नको. एखादा मीटर जादाच पाडा."

"अहो, रेघेच्या मागे कॉर्नर मारणाऱ्याला धावायला जागा लागते. दीडेक मीटर त्याचा धरा," पोस्टमन म्हणाला.

"पत्र्याला धरून वायर गेलीय. अर्ध्यात तोडता येणार नाही, पुढच्या खांबापर्यंत घ्यावं लागेल," वायरमन म्हणाला.

काकांनी प्रत्येकाचं ऐकलं आणि प्रत्येक वेळी पलीकडे जाऊन एका डोळ्याने पाहिलं. शंभर मीटरवरून बघताना मीटरभर इकडचं तिकडे माणसाला सहज खपतं. दुपारपर्यंत ओटा गेला, पत्रा गेला, बाकडं गेलं. उरली ती मागची भिंत, आणि तिच्यासमोर काकूंनी आणून ठेवलेली शेगडी. एकोणीस वर्षांपूर्वी जिथे हातगाडी होती, तिथेच.

संध्याकाळी काकांनी नवी रेघ ओढली, आणि चाकांवरचा गोलपोस्ट तिच्यावर नेऊन ठेवला. ती खरोखरच सुरेख आली होती. काकू आल्या, त्यांनी रेघ पाहिली, शेगडी पाहिली, आणि उघड्यावर चहा ठेवला. त्या भांडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

शनिवारी बाई आल्या. त्यांनी मोजलं, थांबल्या, आणि परत मोजलं.

"एकशे चार पूर्णांक दोन."

"म्हणजे पास?" डॉक्टरांनी विचारलं.

"पास. एकशे दहापर्यंत चालतं." बाईंनी फाइलवर शिक्का मारला.

काकू चहा गाळत होत्या. हिशेब त्यांना तोंडी यायचा. "लागत होते साडेतीन," त्या म्हणाल्या. "पाडले पावणेआठ. म्हणजे चार मीटर आणि वर वीतभर उगीच पाडलं. माझी मोरी, ओटा, सगळं त्यात आलं."

काकांनी बाईंना विचारलं, रेघ जरा अलीकडे घेतली तर? निदान शेगडीवर छप्पर तरी घालता येईल. बाई म्हणाल्या, शिक्का एकशे चार पूर्णांक दोनवर बसलाय, आता सामना होईपर्यंत रेघ बोटभरही हलता कामा नये. आयुष्यात पहिल्यांदा काकांच्या रेघेला कुणीतरी जागेवर राहायला सांगत होतं.

रविवारी बंदर क्लब आला. डावखुराही आला, फोटोतल्यापेक्षा जरा बुटका. मैदानाभोवती माणूस मावत नव्हता. पाचव्या मिनिटाला पोस्टमनने त्याची ती नेहमीची किक मारली. वायरमन नेहमीच्या जागी उडाला, हवेत डोकं फिरवलं, आणि मोकळाच खाली आला. चेंडू चार पावलं अलीकडे पडला होता. दुसरी किकही तिथेच पडली, आणि तिसरीही. डॉक्टरांनी काकांकडे असं पाहिलं की काकांनी आपल्याच दाढेला हात लावला. बाहेर आपली किक चुकते ती बाहेरच्या हवेमुळे नव्हे, तर घरचं मैदानच आखूड होतं म्हणून, हे त्या दिवशी सगळ्या क्लबाला एकदम समजलं.

बंदर क्लब पाच-शून्यने जिंकला. त्यातले दोन डावखुऱ्याचे होते, आणि खरं सांगायचं तर त्या दोन्हींना काकांनी टाळ्या वाजवल्या.

सामना संपल्यावर डावखुरा धापा टाकत शेगडीपाशी आला. आडोसा नव्हता, त्यामुळे तो सरळ मैदानातून चालतच आला. काकांनी काकूंच्या हातातला पेला घेतला आणि स्वतः त्याच्या हातात दिला. 

"मी इथला मैदानाचा माणूस," काका म्हणाले, आणि वाट बघत उभे राहिले.

डावखुऱ्याने चहाचा घोट घेतला. मग वळून मैदानाकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"गवत ठीक आहे," तो म्हणाला. "पण फार लांब केलंय हो. आमचं स्वतःचं मैदान शंभरचं आहे. पळून पळून पायांत गोळे आले. कुणी मोजलं होतं हे?"

"ह्यांनीच," काकू म्हणाल्या. "डोळ्यांनी."

डावखुरा हसला, त्याला वाटलं बाई थट्टा करतायत. पेला ठेवून तो बसकडे गेला.

सोमवारी सकाळी काकू शिंप्याकडून टेप घेऊन आल्या. एक टोक त्यांनी काकांच्या हातात दिलं, त्यांना रस्त्याच्या रेघेवर उभं केलं, आणि कॅन्टीनची नवी भिंत कुठे घालायची ते मोजायला निघाल्या. टेप दीड मीटरची होती. दर दीड मीटरला खिळा ठोकायचा, काकांनी खिळ्याशी यायचं, पुन्हा टोक धरायचं, असं करत दोघं मैदानभर सरकत गेले. दुपारी शंभर भरले. काकूंनी तिथे शेवटचा खिळा ठोकला. मग त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, तो उपटला, आणि वीतभर मैदानाच्या बाजूला ठोकला.

"बाकडं ठेवायला," त्या म्हणाल्या. "वीतभराने काय होतंय?"

काका टेपचं टोक धरून उभे होते. त्यांना सगळं नीट दिसत होतं, तरी त्यांनी एक डोळा मिटला.