समजाकाकांचा लॅपटॉप

गुप्त्यांच्या घरात प्रत्येक वस्तू दोन असतात. दोन छत्र्या, दोन चष्मे, दोन टॉर्च, दार एक पण कुलपं दोन. गॅसचा लायटर बिघडला तर काड्यापेटी, आणि काड्यापेटी दमट झाली तर दुसरी काड्यापेटी, तीही तांदळाच्या डब्यात. जोडी नसलेले त्या घरात फक्त गुप्ते स्वतः. लग्न केलं नाही. आई होती ती गेली. मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, त्यांनी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यापासून दिवसभर आमच्या शेजारच्या दारामागेच असत.

त्यांचं प्रत्येक वाक्य 'समजा'पासून सुरू होतं. "समजा, लिफ्ट मध्येच अडकली." आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. "समजा, टाकीला तडा गेला." "समजा, वहिनी, तुम्ही दूध तापत ठेवलंय आणि दारात भूकंप झाला." दारात म्हणजे फक्त आमच्याच दारात, बाकी डोंबिवली शाबूत. पोरं त्यांना समजाकाका म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "समजा, नाव पाडलं नसतं, तर हाक कशी मारली असती?" एवढंच ते म्हणत.

दुसरी सवय मात्र मला खरंच खटकायची. मी सकाळच्या शाळेत शिकवते. दुपारी घामाघूम होऊन फाटकातून आत शिरावं, तर वर गॅलरीत गुप्ते उभे. "आलात?" आता दिसतंय ना, आले ते! पण हो म्हटल्याशिवाय ते आत जात नसत. आमची मंजिरी संध्याकाळी क्लासहून आली की, "आलीस?" खालचे नेने आजोबा वाचनालयातून आले की, "आलात?" वरच्या मजल्यावरची शुभांगी नर्स, रात्रपाळी करून डोळे चोळत यायची, तिलाही तेच. आमचे हे म्हणायचे, "सोसायटीने पगार न देता हजेरीमास्तर ठेवलाय." सासूबाईंना संशय होता की त्यांना काही कामच नाही.

काम होतं. त्यांच्याकडे एक लॅपटॉप होता. कारखान्याने जुनं सामान काढलं तेव्हा त्यांनी तो घेतला. पोळपाटाएवढा, बॅटरी मेलेली, सीडी घालायला जागा नाही, सगळा कारभार फ्लॉप्यांवर. त्यावर त्यांनी लिनक्स घातलं होतं. ते काय असतं असं मी एकदाच विचारलं. "बाकीच्या सिस्टीम म्हणजे भाड्याची खोली, वहिनी. हे स्वतःचं घर. नळ गळला तर आपणच चढायचं." दिवसातून कितीतरी वेळा तो लॅपटॉप 'ट्यूं' करून वाजे. भिंतीतून आम्हाला ऐकू यायचं. औषधांच्या वेळा असतील अशी आमची समजूत.

शतक संपत आलं आणि गुप्त्यांच्या 'समजा'ला ऊत आला. नवं साल लागलं की संगणकांच्या तारखा चुकणार, यंत्रं शंभर वर्षं मागे जाणार, असं पेपरात रोज येत होतं. गुप्त्यांनी आधी मिक्सर तपासला. मग मनगटी घड्याळ. ते चावीचं होतं, तरी तपासलं. शेवटी त्यांनी ठरवलं की लॅपटॉपवरची जुनी सिस्टीम काढून नवी घालायची, आणि त्यांची झोप उडाली.

"नसेल जमत तर नका घालू," मी म्हटलं.

"समजा, नाही घातली आणि तो बंद पडला. समजा, घातली आणि तेव्हाच बंद पडला. त्यात माझी कामं आहेत, वहिनी."

"कसली कामं?"

"आहेत," ते म्हणाले आणि बोटं मोडू लागले.

कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना फ्लॉप्या भरून दिल्या. साहजिकच एका संचावर भागलं नाही. एक त्यांच्याकडे, दुसरा लाडवांच्या डब्यात घालून आमच्याकडे. "समजा, आमच्याकडे आग लागली."

"आणि आमच्याकडे लागली तर?"

"म्हणून तिसरा ताईकडे ठेवलाय. ठाण्याला, टेंभी नाक्यावर." माणूस हसत नव्हता.

शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जायची, म्हणून गुरुवार ठरला. जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागली: 'गुरुवारी सकाळी दहापासून कोणीही मिक्सर, इस्त्री अथवा गीझर लावू नये. फ्यूज उडाल्यास नुकसान भरून येणारे नाही. ता. क. समजा लावावाच लागला, तर आधी वर येऊन सांगावे.' सासूबाईंनी पाट्यावर चटणी वाटली आणि प्रत्येक फटक्याला गुप्त्यांचं नाव घेतलं. पण साडेनऊला त्यांच्या हातावर दहीसाखर घालायला त्याच गेल्या.

त्या दिवशी शाळेला कसलीशी सुट्टी होती, म्हणून मी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं. गुप्त्यांनी अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला होता. लॅपटॉपमधलं जे जे म्हणून त्यांचं होतं, त्याची नक्कल आदल्या दिवशीच काढून झालेली. एक फ्लॉपी जायची, ते यंत्र दळण दळल्यासारखं घरघरायचं, गुप्ते श्वास धरायचे, पडद्यावर पुढची मागितली की सोडायचे. मीही त्यांच्याबरोबर श्वास धरू लागले. मला कळत काहीच नव्हतं, पण भीतीचीही लागण होते.

दुपारी एक फ्लॉपी वाचेना. काढली, फुंकली, पुन्हा घातली. नाही. गुप्ते घामाने निथळत म्हणाले, "हरकत नाही. तुमच्याकडचा संच आहे." मी धावत घरी गेले आणि लाडवांचा डबा शोधू लागले. डबा फळीवर होता. त्यात लाडू होते.

"अगं, लाडवांच्या डब्यात कोणी असलं ठेवतं का?" सासूबाई म्हणाल्या. "मी नीट जपून ठेवलंय." त्यांनी ते जपून रेडिओवर ठेवलं होतं, वर विणलेला रुमाल घालून. रेडिओ दिवसभर चालू. गुप्त्यांनी ते पाहिलं आणि भिंतीला टेकले. "स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, आजी," एवढंच अगदी हळू म्हणाले. त्या संचातलं काहीच वाचता येईना. सासूबाई त्यानंतर जेवल्या नाहीत. उपासच आहे म्हणाल्या.

आता जुनी सिस्टीम अर्धी गेलेली, नवी अर्धी आलेली, यंत्र ना धड इकडे ना तिकडे. ठाण्याला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मला खुर्चीत बसवलं. "कशाला हात लावू नका. पंखा लावू नका. समजा कोणी आलं, तर आत घेऊ नका." दारापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले.

"अहो, आता काय?"

"समजा, मला उशीर झाला... मंजिरीचा क्लास किती वाजता सुटतो?"

"तिचं काय मध्येच? तुम्ही जा बघू!"

ते गेले आणि मी त्या पोळपाटासमोर बसले. दिवे लागायची वेळ झाली तरी गुप्त्यांचा पत्ता नाही. त्या काळ्या पडद्यावर एक पांढरा चौकोन लुकलुकत होता, आणि तो थांबला तर काय करायचं हे त्यांनी सांगितलं नव्हतं. शेवटी ते आले. स्टीलच्या डब्यात, ताईंच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या फ्लॉप्या आणि वर नारळाच्या वड्या. चपला न काढताच त्यांनी विचारलं, "मंजिरी आली?"

"आली कधीच."

तेव्हा कुठे ते लॅपटॉपकडे वळले.

आमची रात्रीची जेवणं व्हायच्या आत नवी सिस्टीम लागली. तारीख पुढे सरकवून पाहिली, नवं शतक व्यवस्थित उगवलं. गुप्त्यांनी सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले, सासूबाईंना दोन. शुक्रवारी विजेची सुट्टी. शनिवारी मी शाळेतून आले तेव्हा गुप्ते नेहमीसारखे गॅलरीत. "आलात?" मी हो म्हटलं. पण ते आत गेले नाहीत.

दर शनिवारी ते ताईंकडे जात, तर आज तेही नाही. तीन वाजले तरी माणूस उन्हात उभाच. मी चहा नेला, तो त्यांनी कठड्यावर ठेवला.

"काका, बसा की जरा. पाय दुखतील."

"समजा बसलो, आणि तेवढ्यात कोणी आलं?"

"येईल की. आपापल्या घरी जाईल."

त्यांनी कप कठड्याच्या आतल्या बाजूला सरकवला. मग म्हणाले, "ते वाजत नाहीये, वहिनी. ट्यूं. ते पुसलं गेलं."

मग हळूहळू बाहेर आलं. ते ट्यूं औषधाचं नव्हतंच. एक माझी शाळा सुटण्याचं होतं. एक मंजिरीच्या क्लासचं, एक नेन्यांच्या वाचनालयाचं. शुभांगीची पाळी दर आठवड्याला बदलायची, तसं तिचं ट्यूं गुप्तेही बदलायचे. ट्यूं वाजलं की बाहेर यायचं, माणूस दिसेपर्यंत उभं राहायचं, दिसला की आत. पण या वेळांची नोंद यंत्र त्यांच्या बाकी सामानात ठेवत नव्हतं. घर बदलताना सगळं बांधावं आणि माळा बघायचाच राहावा, तसं झालं होतं. दोन काड्यापेट्या बाळगणाऱ्या माणसाने नेमकी याचीच नक्कल काढली नव्हती.

"अहो, पण वेळा आठवत असतील ना?"

"यंत्रावर सोपवल्या आणि डोक्यातून गेल्या. आता दिवसभरच उभा राहतो. म्हणजे चुकणार नाही कोणी."

"पण कशासाठी हो एवढं?" मला हसावं की ओरडावं कळेना.

ते रस्त्याकडेच बघत राहिले. "आई होती तोवर मला कधी बेल वाजवावी लागली नाही. फाटकातून वर बघायचो, ती इथे उभी असायची. ती गेल्यावरही मी बघतच होतो वर, नोकरी संपेपर्यंत. सवय. घरी येणारा माणूस एकदा वर बघतोच, वहिनी. तुम्हीसुद्धा बघता."

चहावर साय धरली होती. मी तो कप उचलला आणि दुसरा करून आणते म्हणून घरात आले ती ओट्यापाशी उभीच राहिले.

रविवारी सकाळी गुप्त्यांच्या दारात रांग लागली. मीच सांगितलं होतं सगळ्यांना. नेने म्हणाले, "माझे दोन लावा, मी हल्ली भाजीलाही जातो." शुभांगीने पुढच्या महिन्याच्या पाळ्या सांगितल्या. ह्यांनी हजेरीमास्तराचं नाव न काढता आपली कंपनीची वेळ दिली. कधी जिना न उतरणाऱ्या सासूबाईही काठी टेकत गेल्या. "माझंही एक वाजव रे. मी जाईन की देवळात कधीतरी." गुप्ते मान खाली घालून बटणं दाबत होते, आणि या वेळी प्रत्येक वेळेची नक्कल दोनदा काढत होते.

"आणि तुमची वेळ?" मी विचारलं.

"माझी कशाला? मीच तर उभा असतो."

पुढच्या शनिवारी ते ताईंकडे गेले. संध्याकाळी मी बटाटे सोलत होते. माझ्याकडे काही ट्यूं वाजणारं यंत्र नाही. माझ्याकडे सासूबाई आहेत. "जा, उभी राहा," त्या म्हणाल्या, "यायची वेळ झाली त्याची." मी हातातल्या सोलाण्यासकट गॅलरीत गेले. बराच वेळ कोणी दिसेना आणि माझ्या मनात एकामागून एक समजा येऊ लागले. समजा, लोकल चुकली. समजा, रस्त्यात चक्कर आली. हा माणूस हे रोज, इतक्या जणांसाठी करतो?

मग फाटक वाजलं. गुप्ते आत शिरले, एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात दोन्ही छत्र्या, आणि त्यांनी वर पाहिलं.

"आलात?" मी म्हटलं.

त्यांनी मागे वळून पाहिलं. आपल्या मागून कोण येतंय ते बघायला. मागे कोणीच नव्हतं.