न उघडणाऱ्या फाइलचा निपटारा

फाइल ही मुळात बंद राहण्यासाठीच जन्माला येते. उघडणं हा तिच्या आयुष्यातला अपघात. हे सत्य आंबेतळीची सरपंच क्रांती खोत हिला ठाऊक नव्हतं. ती नवी होती, शिकलेली होती आणि अर्ज केला की काम होतं अशी तिची एक समजूत होती.

आंबेतळी मलकापूरच्या पल्याड, डोंगरात. यंदा तिथला साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहानसा पूल, वाहून गेला आणि शाळा ओढ्याच्या त्या अंगाला राहिली. क्रांतीनं फोटो काढले. कमरेइतक्या पाण्यात गावातली म्हातारी चिमणाबाई, खांद्यावर नात, डोक्यावर नातीचं दप्तर. फोटो, नकाशा आणि ठराव यांची एक फाइल करून तिनं कोल्हापुरातल्या एका कार्यालयाला ईमेलनं धाडली. (कार्यालयाचं नाव सांगत नाही; उगाच बाकीच्यांना डावलल्यासारखं होईल.) उत्तर येईना, तेव्हा एसटीनं स्वतःच गेली.

तिथले धैर्यशील साहेब अदबीचे. त्यांनी आधी चहा मागवला.

"फाइल पोचलीय, ताई. उघडत न्हाय एवढंच."

"माझ्या फोनवर उघडती की."

"मग दोष तुमच्या फोनात असंल," साहेब शांतपणे म्हणाले.

कार्यालयानं मात्र कसूर केली नव्हती. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला होता (तांत्रिक उपाययोजना, टप्पा पहिला). फाइलचं नाव बदललं होतं. संगणक खिडकीपाशी हलवला होता. दसऱ्याला त्याला हार घातला होता, त्यानंतर तो अधिक शांत झाला. संगणक विभागातल्या रुबीनानं सांगितलं, की आपलं सॉफ्टवेअर जुनं आहे, नवं टाकलं की फाइल उघडेल. सूचना रास्त असल्यानं ती वरिष्ठांकडे गेली. वरिष्ठांची मंजुरीही आली. पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झालेली. ती उघडली नाही.

क्रांतीनं सगळं कागदावर छापून आणलं. कार्यालयानं आनंदानं स्वीकारलं, स्कॅन केलं आणि कागद रद्दीत दिले, कारण कारभार आता कागदविरहित आहे. स्कॅन उघडला नाही.

"साहेब, मी तोंडी सांगू का? ओढा हाय. साकव न्हाय. पोरं पाण्यातनं जात्यात. संपलं."

"तोंडी घेतलं असतं की," साहेब खरोखर हळहळले. "पण तोंडी कुठं सेव्ह करायचं?"

परतीच्या एसटीत तिच्या फोनवर संदेश आला: आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. तर्क बिनचूक होता. जी फाइल उघडत नाही तिच्यात अडचण असल्याचा पुरावा नाही आणि पुराव्याविना अडचण प्रलंबित ठेवणं नियमात बसत नाही. या पद्धतीमुळे कार्यालयाचा निपटारा शंभर टक्क्यांच्याही थोडा वर गेला.

क्रांती हसली नाही, रडलीही नाही. गावाला एवढंच म्हणाली, "आपुन बांधू." एका रविवारी बायाबापड्यांसकट सगळे उतरले. लोखंड, बांबू, जुन्या फळ्या मिळून साकव उभा राहिला. सोमवारी चिमणाबाई नातीला घेऊन कोरड्या पायांनी पलीकडे गेली.

मंगळवारी कार्यालयाकडून नोटिशीची फाइल आली. विनापरवाना साकव, सुनावणीस हजर राहावे, अन्यथा पाडण्यात येईल. ही फाइल मात्र गावातल्या प्रत्येक फोनवर, बटणांच्या साध्या फोनसकट, पहिल्या झटक्यात उघडली.

"ही कशी उघडली, साहेब?" क्रांतीनं फोन लावला.

"ती आमच्याकडनं निघालीय न्हवं," साहेब म्हणाले.

मग तिनं फोटो, ठराव, नोटीस सगळं एकत्र करून जिल्ह्यातल्या झाडून साऱ्या ग्रुपांवर टाकलं. खाली लिहिलं: सुनावणीला चार माणसं पाठीशी उभी राहिली तर साकव वाचेल.

गाव सुगीत अडकलेलं, जिल्ह्यातनं कुणी फिरकलं नाही; सुनावणीला ती आणि चिमणाबाई अशा दोघीच होत्या.

ती फाइल तुमच्याही ग्रुपवर आली होती. तुम्ही खाली जोडलेले हात टाकलेत. उघडत नव्हती का?